झोताचा वेग आणि रेटा: नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या शेडमधील प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

प्रश्न एकच ठेवला आहे. इंजिनातून मागे जाणाऱ्या झोताचा वेग वाढवला की नेमके काय वाढते, आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते? रॉकेटवाल्यांना झोत जितका वेगवान तितका चांगला वाटतो. विमानाची इंजिने बनवणारे मात्र साठ वर्षे झोत मंद करत आले आहेत. दोघेही बरोबर आहेत, आणि ते आकड्यांतून दिसले पाहिजे.

म्हणून दोन मांडण्या. पहिली रॉकेटच्या बाजूची: दाबलेली हवा लहान नोझलमधून सोडायची आणि रेटा (झोत मागे गेल्याने पुढे मिळणारी ढकल, थ्रस्ट) व दर सेकंदाला जाणारी हवा दोन्ही मोजायच्या. दुसरी जेटच्या बाजूची: ७० मिमीचा विजेवर चालणारा डक्टेड फॅन (नळकांड्यात बसवलेला पंखा), त्याच्या मागे वेगवेगळ्या तोंडाची नोझले. ज्वलन कुठेही नाही. सामान्य तापमानाच्या हवेतही वायूचे नियम तेच असतात आणि बोटे शाबूत राहतात.

हवेच्या मांडणीचे साहित्य: १ एचपीचा कॉम्प्रेसर, ५० लिटरची टाकी, कमाल ८ बार (१ बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब), १० बारचा सेफ्टी व्हॉल्व्ह. टाकीनंतर पाणी पकडणारा फिल्टर, सिलिका जेलची नळी, रेग्युलेटर, अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह. त्यापुढे एक इंची जाड जीआय पाइपचा तुकडा, म्हणजे नोझलमागची शांत हवेची कोठी. पीव्हीसी पाइप इथे वापरायचाच नाही. हवेच्या दाबाखाली तो फुटला तर त्याचे धारदार तुकडे उडतात. पाण्याच्या दाबावर टिकतो म्हणून हवेच्या दाबावरही टिकेल, हे गणित चुकीचे आहे.

नळीचा व्यास आधी मोजून घ्या. नोझलच्या ३ मिमी गळ्यातून (सर्वांत अरुंद भागातून) ५ बारला सुमारे ९.८ ग्रॅ/से हवा जाते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ६ मिमी पीयू (पॉलियुरेथेन) नळीचे आतले भोक ४ मिमी असते. त्यातून ही हवा ११० मी/से पेक्षा जास्त वेगाने पळते आणि मीटरभर लांबीत दोन बारच्या आसपास दाब खाऊन टाकते. रेग्युलेटरचा काटा ५ दाखवतो, नोझलला मिळतात जेमतेम ३. १२ मिमी नळीत (आतून ८ मिमी) हाच वेग २८ मी/से वर येतो आणि तोटा एका बारच्या दहाव्या भागाइतका राहतो. तरीही दाब मोजायचा तो कोठीवरच, नोझलच्या अगदी मागे.

११ जानेवारी

नोझल. २० मिमी पितळी रॉड, लेथवर. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आतल्या बाजूचे तोंड ३ मिमी त्रिज्येने गोल करायचे, मग २.९ मिमी ड्रिल, मग ३ मिमी रीमर (भोक अचूक मापाचे करणारे हत्यार). गळ्यापुढे रुंद होत जाणारा पसरट भाग शेवटी, बाहेरच्या बाजूने. त्यासाठी सिल्व्हर स्टीलचा डी-बिट बनवला: टोकाला एकूण १२ अंशांची निमुळती शंकू, मधोमध निम्मी कापलेली, लाल करून पाण्यात विझवून, नंतर गवती पिवळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवलेली. गळ्यात सुमारे अर्धा मिमी सरळ भोक शिल्लक ठेवले आहे.

आतली कड गोल करण्याचा कंटाळा करू नका. धारदार कडेवरून वळताना हवेचा प्रवाह भिंतीपासून सुटतो आणि भोकापेक्षा बारीक होऊन जातो. तशा भोकातून गणिताच्या ८५ टक्क्यांच्या आसपासच हवा जाते. गोल कडेने हा आकडा ९७ टक्क्यांवर जातो.

आता मुख्य अडचण. गळा ३ ऐवजी ३.०५ मिमी झाला तर क्षेत्रफळ ३.४ टक्क्यांनी वाढते. पसरट भागामुळे रेट्यात पडणाऱ्या ज्या फरकाचा शोध घ्यायचा आहे तो गणिताने ४ टक्के आहे. तीन वेगळी नोझले करून त्यांची तुलना केली तर लेथची चूक हीच आपली ‘सापडलेली गोष्ट’ ठरेल. म्हणून नोझल एकच. पसरट भाग पूर्ण लांबीचा (९.५ मिमी, तोंड ५ मिमी) करून चाचणी घ्यायची, मग मागचा भाग लेथवर फेस करत कापायचा. ३.१ मिमी लांबी उरली की तोंड ३.६६ मिमी होते. शेवटी पसरट भाग पूर्ण काढून टाकला की फक्त निमुळते नोझल राहते. गळा शेवटपर्यंत तोच.

१८ जानेवारी

रेटा मोजण्यासाठी १ किलोचा लोडसेल (बल मोजणारा सेन्सर) आणि त्याचे वाचन आकड्यांत देणारा एचएक्स७११ बोर्ड, सेकंदाला ८० वाचने या वेगाने. बोर्ड कारखान्यातून १० वाचनांवर लावलेला येतो. एक पिन बदलून ८० करावा लागतो.

कोठी चार जुन्या हॅकसॉ ब्लेडवर उभी टांगली आहे. चाके किंवा स्लाइड रेल लावली की घर्षणाने चार-पाच ग्रॅम सहज हरवतात. पाते नुसते वाकते, त्यात घर्षण नाही. त्याचा ताठपणा कॅलिब्रेशनमध्ये आपोआप येतो: दोरी, गुळगुळीत पुली आणि १००, २००, ५०० ग्रॅमची प्रमाणित वजने, चढत्या आणि उतरत्या दोन्ही क्रमाने.

वजनाचे न्यूटन करताना नागपूरचे गुरुत्व ९.७८६ घ्या. पुस्तकातले ९.८०७ घेतले तर ०.२ टक्क्यांची चूक सुरुवातीलाच शिरते. मात्र विशिष्ट आवेग (रेटा भागिले दर सेकंदाला जाणारे वस्तुमान, त्याला पुन्हा गुरुत्वाने भागून) सेकंदांत लिहिताना भागायचे ते ठरलेल्या ९.८०६६५ नेच, मग इंजिन कुठेही चालवा.

हवेची नळी रेट्याच्या दिशेत आणू नका. दाब चढला की वाकलेली नळी सरळ व्हायला बघते आणि तेवढा खोटा रेटा लोडसेलवर पडतो. टी जोडून दोन्ही बाजूंनी, रेट्याला काटकोनात नळ्या आणल्या की दोन्ही ढकला एकमेकींना खातात. तरीही शून्य ठरवायचे ते नोझलच्या जागी आंधळा प्लग घट्ट बसवून आणि ५ बार चढवून. रिकाम्या नळीवर घेतलेले शून्य कामाचे नाही.

१९ जानेवारी

दर सेकंदाला किती हवा गेली हे मोजणे रेट्यापेक्षा अवघड आहे. पद्धत: टाकी ८ बारपर्यंत भरायची, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, कॉम्प्रेसर बंद. बॉल व्हॉल्व्ह उघडून टाकी ६ बारला येईपर्यंत हवा सोडायची. साधारण ९ सेकंद लागतात. पहिला सेकंद सोडून मधली वाचने घ्यायची. ६ बारच्या खाली रेग्युलेटरला हातात पुरेसा फरक उरत नाही आणि कोठीतला दाब ढळू लागतो.

व्हॉल्व्ह बंद केल्याबरोबर दाब टिपून ‘२ बार गेले’ असा हिशेब मांडला तर ११६ ग्रॅम हवा गेली असे उत्तर येते. ते चूक आहे. हवा बाहेर पडताना टाकीतली उरलेली हवा प्रसरण पावून थंड होते, वीसेक अंशांनी. दाब कमी झाला त्यातला काही भाग नुसत्या थंडीचा. टाकी तासभर तशीच ठेवली की काटा ६ वरून ६.५ च्या जवळ येतो. खरी गेलेली हवा ८६ ग्रॅम निघते. घाईतल्या हिशेबात ३५ टक्के चूक, आणि ती नेहमी एकाच बाजूला. त्यामुळे सरासरी काढूनही ती निघत नाही.

काट्याचे गेज इथे चालत नाही. ० ते १० बारचे साधे गेज ०.१६ बारपर्यंत चुकू शकते. दीड बारच्या फरकात तेवढी चूक म्हणजे १० टक्के. ०.२५ टक्के अचूकतेचा डिजिटल ट्रान्समीटर लावला आहे. कोठीत बारीक तारेचा के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर), कारण नोझलला मिळणारी हवा खोलीपेक्षा थंड असते. पुढचे सर्व आकडे ३०० केल्व्हिनला (२७ अंश सेल्सियस) आणून लिहिले आहेत.

२६ जानेवारी

लांब नोझल, तोंड ५ मिमी. कोठीतला निरपेक्ष दाब ५९७ किलोपास्कल (गेजवर ५ बार, त्यात नागपूरच्या हवेचे सुमारे ९७, शहर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे).

गणित सांगते की झोत या नोझलमध्ये आवाजाच्या वेगाच्या अडीच पटींवर जाईल, तोंडाशी वेग ५८४ मी/से. तिन्ही नोझलांत हाच सर्वांत मोठा वेग. मोजलेला रेटा ४.३० न्यूटन.

हा आकडा तिघांतला सर्वांत कमी ठरणार आहे, आणि कारण सूत्रातच आहे:

रेटा = (दर सेकंदाचे वस्तुमान × तोंडाशी वेग) + (तोंडाशी दाब − बाहेरच्या हवेचा दाब) × तोंडाचे क्षेत्रफळ

हवा फार पसरवली की तोंडाशी दाब ३२ किलोपास्कलवर येतो. बाहेर ९७ आहेत. दुसरी संज्ञा उणे होते, सव्वा न्यूटन परत ओढून घेते. वेगाने मिळवलेले सगळे आणि वर थोडे अधिक, बाहेरची हवा हिरावून नेते.

मोजलेला रेटा गणितापेक्षा (तोटे धरून ४.२१) किंचित जास्त आला, त्याचेही कारण आहे. तोंडाशी दाब बाहेरच्या ३५-४० टक्क्यांखाली गेला की बाहेरची हवा भिंतीलगत आत घुसते आणि झोत भिंतीपासून सुटतो. नोझल मग आपोआप आखूड झाल्यासारखे वागते. आपल्या नोझलला हे फायद्याचे पडले. मोठ्या इंजिनात हेच सुटणे एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी होते आणि नोझलला आडवे हिसके बसतात. इस्रोच्या सीई-२० या द्रव हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनाच्या नोझलचे क्षेत्र-गुणोत्तर (तोंड भागिले गळा) १०० आहे आणि तोंडाशी दाब फक्त ५० मिलिबारच्या आसपास. ते अवकाशासाठी आहे. जमिनीवर तसेच पेटवले तर झोत भिंतीपासून सुटून नोझलला धोका होतो. म्हणूनच २९ नोव्हेंबर २०२४ ला इस्रोच्या महेंद्रगिरी (तमिळनाडू) केंद्रात समुद्रसपाटीच्या दाबावर ते चालवताना नोझलसाठी वेगळी संरक्षक व्यवस्था बसवावी लागली.

१ फेब्रुवारी

नोझल कापून पुढचे दोन टप्पे. प्रत्येक कापानंतर आतल्या बाजूची बर (कापताना उरलेली धातूची काटेरी कड) लाकडी काडी आणि बारीक पॉलिश पेपरने काढायची. काटेरी कड राहिली तर झोत तिरका जातो आणि रेटा दोन-तीन टक्क्यांनी पडतो, म्हणजे पुन्हा शोधायच्या फरकाएवढाच.

तोंड ३.६६ मिमी: तोंडाशी दाब बाहेरच्या दाबाइतकाच. गणिताने वेग ४९४ मी/से. मोजलेला रेटा ४.६० न्यूटन.

पसरट भाग नाही, तोंड म्हणजेच गळा: गणिताने वेग ३१७ मी/से, म्हणजे त्या ठिकाणच्या तापमानाला आवाजाचा वेग. त्याहून जास्त वेग निमुळत्या नोझलमध्ये मिळतच नाही, दाब कितीही वाढवा. मोजलेला रेटा ४.४६ न्यूटन.

हवा तिन्ही वेळा सारखीच गेली, ९.५५ ग्रॅ/से, कारण गळा तोच आणि गळ्यात वेग आवाजाइतका झाल्यावर पुढे काय जोडले आहे याची खबर मागे पोचत नाही.

आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. ३१७ वरून ४९४: तोंडाशी वेग ५६ टक्क्यांनी वाढला. रेटा वाढला ३ टक्के. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते मांडणीत खोट आहे. खोट नाही. निमुळत्या नोझलच्या तोंडाशी ३१५ किलोपास्कल दाब शिल्लक होता. तो दाब तोंडाच्या क्षेत्रफळावर ढकलतच होता आणि त्याचा दीड न्यूटन रेटा आधीच खात्यात होता. पसरट भागाने त्या दाबाचे वेगात रूपांतर केले. नवीन मिळाले ते थोडेच.

म्हणून ‘तोंडाशी वेग’ या आकड्यावर इंजिन तोलू नये. तोलायचे ते रेटा भागिले दर सेकंदाचे वस्तुमान, म्हणजे परिणामी झोतवेग, यावर. आपल्या तिघांचा: लांब ४५०, बरोबर तोंडाचे (३.६६ मिमी) ४८२, निमुळते ४६७ मी/से. त्सिओलकोव्स्कीच्या १९०३ च्या रॉकेट समीकरणात जो वेग बसतो तो हाच. पसरट भागाचा फायदा दाबाच्या गुणोत्तरासोबत वाढत जातो. आपल्याकडे हे गुणोत्तर जेमतेम ६ आहे. रॉकेटच्या दहनकक्षात कित्येक पट जास्त दाब असतो आणि वर गेल्यावर बाहेर जवळपास शून्य. तिथे पसरट नोझलशिवाय भागत नाही.

इयरमफ आणि गॉगल सक्तीचे. निमुळत्या नोझलचा झोत तीक्ष्ण किंचाळतो आणि शेडच्या पत्र्यामुळे आवाज घुमतो.

८ फेब्रुवारी

दुर्बिणीसाठी घासलेला १५० मिमी आरसा (नाभीय अंतर १.२ मी) वापरून श्लीरेन मांडणी (हवेच्या घनतेतले फरक उजेड-सावलीत दाखवणारी). दिव्याचे सूक्ष्म छिद्र आणि ब्लेडची धार दोन्ही २.४ मीटरवर, नोझल आरशाजवळ. निमुळत्या नोझलच्या झोतात साखळीसारखे हिरे उमटले, एकेक ५ ते ६ मिमी लांब. बरोबर तोंडाच्या नोझलचा जपून ठेवलेला फोटो जवळजवळ साफ आहे. शिल्लक दाब बाहेर वाया जातो म्हणजे काय, ते या हिऱ्यांत दिसते.

९ फेब्रुवारी

पहाटेची चाचणी, निमुळते नोझल, शेडमध्ये १५ अंश. कोठीत सरासरी २८१ केल्व्हिन. रेटा ४.४६ न्यूटन, हवा ९.८७ ग्रॅ/से, परिणामी वेग ४५२. हे आकडे मे महिन्यासाठी राखून ठेवले आहेत.

२३ फेब्रुवारी

आज फक्त हिशेब.

रॉकेटला वस्तुमान रेशनवर मिळते. जे मागे फेकायचे ते सोबत न्यावे लागते, म्हणून प्रत्येक किलोतून जास्तीत जास्त रेटा काढायचा. भरलेले आणि रिकामे वजन यांचे गुणोत्तर ४ असेल तर २,८७० मी/से झोतवेगाच्या इंजिनाने सुमारे ४ किमी/से वेगवाढ मिळते, ४,३३५ मी/से च्या इंजिनाने ६ किमी/से. पहिल्या इंजिनाने ६ गाठायचे तर गुणोत्तर ८ च्या वर न्यावे लागते, म्हणजे टाकी, इंजिन आणि उपग्रह मिळून एकूण वजनाचा आठवा भागही उरत नाही. हे दोन आकडे काल्पनिक नाहीत: पहिला इस्रोच्या द्रव इंधनाच्या विकास इंजिनाचा (निर्वातात २९३ सेकंद), दुसरा सीई-२० चा (४४२ सेकंद).

हा वेग कुठून येतो? दहनकक्षाचे तापमान भागिले वायूचा रेणुभार, याचे वर्गमूळ. म्हणूनच हायड्रोजन. पूर्ण ज्वलनासाठी एका किलो हायड्रोजनला ८ किलो ऑक्सिजन लागतो, पण सीई-२० मध्ये तो सुमारे ५ दिला जातो. उरलेला हायड्रोजन न जळता झोतात जातो. तापमान थोडे उतरते, पण झोत हलका होतो आणि वेग वाढतो.

मग इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या सुरुवातीला एस-२०० हे घन इंधनाचे बूस्टर कशाला, ज्यांचा आवेग जेमतेम २७४ सेकंद आहे? कारण झोतात ओतावी लागणारी शक्ती रेटा गुणिले झोतवेगाच्या निम्मी असते. एका विकास इंजिनाचा रेटा सुमारे ८०० किलोन्यूटन. त्याच्या झोतात ११५० मेगावॅट वाहतात, म्हणजे कोराडी औष्णिक वीजकेंद्राच्या ६६० मेगावॅटच्या एका संचाच्या पावणेदोन पट. जमिनीवरून शेकडो टन उचलताना प्रचंड रेटा हवा असतो आणि तो जड, मंद झोतातून स्वस्तात मिळतो. शिवाय द्रव हायड्रोजनचा एक घनमीटर फक्त ७१ किलो भरतो, तेव्हा खालच्या टप्प्यासाठी टाक्या अवाढव्य होतात. म्हणून खालून वर झोतवेग चढत जातो: एस-२०० चा २,६९०, विकासचा २,८७०, सीई-२० चा ४,३३५.

दुसरे टोक म्हणजे नासाच्या डॉन यानाचे, विजेने झेनॉन वायू फेकणारे आयन इंजिन: ३,१०० सेकंद, म्हणजे ३० किमी/से, आणि २.३ किलोवॅट वीज खाऊन रेटा ०.०९ न्यूटन. झेनॉन अगदी काटकसरीने, वीज मात्र उधळून. झोतवेग दुप्पट केला की त्याच रेट्याला वस्तुमान निम्मे पण शक्ती दुप्पट लागते. या देवाणघेवाणीतून कोणतेच इंजिन सुटत नाही.

१६ मार्च

डक्टेड फॅन. ७० मिमी, मधला हब ३० मिमी, पात्यांचे खुले क्षेत्र ३१.४ चौसेमी. चार सेलची लिपो बॅटरी, वॉटमीटर, तोच लोडसेल पण ५ किलोचा. पुढे गोल ओठाचे तोंड लावणे आवश्यक. धारदार कडेवरून आत येणारी हवा कडेलाच सुटते आणि पात्यांची टोके उपाशी राहतात.

नियम: थ्रॉटल एकसारखा ठेवायचा नाही, वॉट एकसारखे ठेवायचे. बॅटरी उतरत जाते, नोझल बदलले की पात्यांवरचा भारही बदलतो. थ्रॉटलची काडी तीच ठेवून घेतलेले आकडे एकमेकांशी तुलना करायच्या लायकीचे नसतात. सगळीकडे ४५० वॉट.

झोतवेगासाठी पिटो नळी (झोताकडे तोंड करून त्याचा दाब घेणारी) आणि पाण्याची यू-नळी. ५४ मी/से ला पाणी १६३ मिमी चढते, मिमीच्या पट्टीवर सहज वाचता येते. नोझल ०.५ मिमी पॉलिप्रोपिलीन पत्र्याची, भिंतीचा उतार ८ अंशांच्या आत.

हवा ३५ अंश, घनता १.०९७. तोंड खुल्या क्षेत्राइतके: रेटा ९.९ न्यूटन, झोत ५४. तोंड ८० टक्के: झोत ५८ वर गेला, रेटा ९.१ वर आला. गणितही हेच म्हणते: शक्ती ठरलेली असेल तर रेटा तोंडाच्या क्षेत्रफळाच्या घनमुळाच्या प्रमाणात. तोंड आणखी मोठे करून फायदा मात्र ११० टक्क्यांलाच थांबला, १२० ला रेटा ९.६. पसरणाऱ्या भिंतीला झोत चिकटून राहत नाही आणि पाती आपल्या कोनाबाहेर काम करू लागतात.

मग डक्ट काढून १० × ५ चा (इंचांत व्यास × पीच) साधा पंखा, ४५० वॉटवरच. व्यास २५४ मिमी. रेटा १६.६ न्यूटन, झोत पंचवीसेक मी/से. तीच वीज, निम्म्याहून कमी झोतवेग, दीडपटीहून जास्त रेटा. पंख्याभोवती जाळी आणि कुणीही पात्यांच्या प्रतलात उभे राहायचे नाही.

३० मार्च

जेट इंजिनाला फेकायची हवा फुकट मिळते. रेशनवर असते ते इंधन, म्हणजे ऊर्जा. म्हणून तिथे गणित उलटते: भरपूर हवा घ्यायची, तिला थोडेसेच ढकलायचे. उडत्या विमानाची ढकल-कार्यक्षमता म्हणजे २ भागिले (१ + झोतवेग ÷ विमानाचा वेग). प्रवासी विमान ११ किमी उंचीवर २५० मी/से ने जाते. झोत ६०० असेल तर ५९ टक्के, ३०० असेल तर ९१. बाकीची ऊर्जा मागे राहिलेल्या हवेच्या हालचालीत जाते.

एअरबस ए३२० वर सीएफएम५६-५बी इंजिनाचा पंखा १.७४ मी. होता, लीप-१ए चा १.९८ मी. झाला. बायपास गुणोत्तर (इंजिनाच्या गाभ्याबाहेरून जाणारी हवा भिागले गाभ्यातून जाणारी) सहाच्या आतून अकरावर गेले. झोत मंद झाल्याने आवाजही उतरतो: लाइटहिलने १९५२ मध्ये मांडले की झोताच्या आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घातात वाढते. वेग निम्मा केला की २५६ पट, म्हणजे २४ डेसिबल कमी.

याला हद्द आहे. झोतवेग विमानाच्या वेगापेक्षा जास्त असलाच पाहिजे, नाहीतर रेटा शून्य. आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या काँकर्डला म्हणूनच बायपास नसलेले ऑलिंपस ५९३ इंजिन लागत होते. लढाऊ विमानाच्या एफ४०४ इंजिनाचे बायपास गुणोत्तर ०.३४ आहे तेही याचसाठी. त्यात मोठा पंखा पुढे वाऱ्याला अडवतो, वजन वाढवतो आणि पंखाखाली जागा मागतो.

१७ मे

दुपारी ४३ अंश. राखून ठेवलेली तुलना.

निमुळते नोझल, कोठीतला निरपेक्ष दाब पुन्हा ५९७ वर आणून (रेग्युलेटर बाहेरच्या दाबाच्या वर मोजतो आणि मे महिन्यात बाहेरचा दाब थोडा उतरलेला असतो, ते सांभाळायचे). कोठीत सरासरी ३०८ केल्व्हिन. रेटा ४.४६. हवा ९.४३ ग्रॅ/से. परिणामी वेग ४७३.

फेब्रुवारीत ४५२ होता. वेग जवळपास ५ टक्क्यांनी वाढला, हवा तेवढ्याच टक्क्यांनी घटली, रेटा जागचा हलला नाही. ठरलेल्या दाबाला आणि गळ्याला रॉकेटचा रेटा तापमानावर अवलंबून नसतो. तापमानाने वाढते ती काटकसर: त्याच रेट्याला कमी वस्तुमान. तेवढीच हवा जास्त वेळ पुरते.

लगेच फॅन, ४५० वॉट. १६ मार्चच्या सकाळी २० अंशांना १०.१ न्यूटन होता, आज ९.८. घनता ८ टक्क्यांनी कमी, रेटा ३ टक्क्यांनी. इथे उष्णतेने काही दिले नाही, फक्त नेले. शक्ती कायम ठेवली होती म्हणून तोटा इतका लहान. खऱ्या टर्बोफॅनमध्ये (प्रवासी विमानाच्या पंखा असलेल्या जेट इंजिनात) टर्बाइनच्या तापमानाची मर्यादा आधी येते, इंधन कमी करावे लागते आणि शक्तीच घटते. भर उन्हाळ्याच्या दुपारी टेकऑफचे वजन का कमी करावे लागते, ते याच्यातून येते.

२४ मे

उन्हाळ्यात या मांडणीवर काम करणाऱ्यांसाठी. कॉम्प्रेसर भरताना शेडमधला कूलर बंद ठेवा, किंवा कॉम्प्रेसरची आत ओढणारी नळी बाहेर काढा. कूलरची हवा २८ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेची असेल तर किलोमागे १७ ग्रॅम वाफ असते. ८ बारला दाबल्यावर त्यातली जेमतेम ३ ग्रॅम वाफ म्हणून राहते. एका भरणीत टाकीत ७ ग्रॅमच्या आसपास पाणी साचते. ते थेंब नोझलपर्यंत आले तर थर्मोकपल ओला होऊन कमी तापमान दाखवतो आणि नोझलच्या ओठावर बर्फ धरतो, कारण झोत तिथे शून्याखाली कितीतरी खाली उतरलेला असतो. तोंड बारीक झाले की रेट्याचा आलेख चाचणी चालू असतानाच हळूहळू घसरू लागतो. असा घसरता आलेख दिसला तर आधी टाकीचा खालचा ड्रेन उघडा, मग सिलिका जेलचा रंग बघा. निळ्याचा गुलाबी झाला असेल तर १२० अंशांना दोन-तीन तास भाजून परत भरा, आणि त्या दिवशीची आधीची वाचने यादीतून काढून टाका.